बुरुलवहिनीचा प्रश्न

नारिन शहरातल्या पोलीस भरतीत धावणं, दोरावर चढणं, डॉक्टरची तपासणी हे सगळं तिलेकने निभावलं होतं. उरली होती मानसिक चाचणी, आणि तिचीच त्याने धास्ती घेतली होती. गेल्या वर्षी त्याचा मामेभाऊ तिथूनच हात हलवत परत आला होता. चाचणी घेणारा साहेब एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतो, गडबडलास की गेलास, असं त्याने बजावलं होतं.

म्हणून तिलेक दुपारचा वहिनीसमोर सरावाला बसे. थोरला भाऊ साग्यन मेंढरं घेऊन वरच्या कुरणात असायचा, आई शेजारी गेलेली असायची. बुरुलवहिनी लग्नाआधी नारिनला शिक्षिका व्हायला शिकत होती. शेवयांसाठी पोळी लाटता लाटता ती साहेबाचा आवाज काढी.

"राग येतो का?"

"येतो, पण आवरतो."

"खोटं. परवा कोंबड्याला बूट फेकून मारलात."

"कोंबडा आहे तो वहिनी, नागरिक नाही."

त्या दिवशीही अशीच थट्टा चालली होती. चोरी केलीय का, दारू किती पिता, हे विचारून झालं. मग लाटणं न थांबवता तिने विचारलं, "कुणाला मनाविरुद्ध धरून ठेवलंय कधी?"

"नाही."

"पुन्हा विचारते. कुणालाच?"

तिलेक हसला. ही पण फिरवून विचारायला शिकली, असं त्याला वाटलं. "नाही हो. कधीच नाही."

"मग गाडीत माझे हात कुणी धरले होते, भावजी?"

तिचा आवाज चढला नव्हता. तिलेकच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, ते कुठे ठेवावं हे त्याला कळेना. दादाचं लग्न हा त्याच्या आठवणीतला मोठा सण होता. तो तेव्हा शाळेत होता. दादाने आणि त्याच्या मित्रांनी मुलीला कॉलेजच्या फाटकातून उचलून गाडीत घातलं, त्यालाही मागे बसवलं. गाणी जोरात लागली होती, त्याच्या अंगात नवं जाकीट होतं. नवरी रडत होती, पण अशा पळवून आणलेल्या सगळ्याच रडतात, मग हसायला लागतात, असं आई म्हणाली होती. आणि वहिनी पुढे हसायलाही लागली होती.

"सगळ्यांत लहान तुम्हीच होतात," ती म्हणाली. "वाटलं, हा पोरगा ऐकेल. उद्या माझी परीक्षा आहे, सोड मला, हे मी तुम्हालाच म्हणाले. तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात."

खिडकी त्याला आठवली. तिचे शब्द काही केल्या आठवेनात. मग मनगटं आठवली, बारीक आणि त्याच्या मुठीत सारखी पिळवटणारी. इतकी वर्षं तो हिच्याच हातचं जेवत होता.

"बोलला का नाहीत कधी?"

"विचारलं कुणी?" ती शेवया कापू लागली. "साहेबासमोर मात्र 'नाही' असंच सांगा. सगळे तेच म्हणत असतील."

चाचणी घेणारा माणूस टकला आणि सर्दीने बेजार होता. कुणावर जबरदस्ती केलीत का, हे त्याने मान वर न करताच विचारलं. तिलेक हो म्हणाला आणि सगळं सांगून मोकळा झाला. माणसाची लेखणी थबकली. ती मुलगी आता कुठे असते, असं त्याने विचारलं.

"आमच्याच घरी. माझी वहिनी आहे."

त्याने चष्मा काढला, बराच वेळ पुसला, आणि हे लिहून घेऊ का, म्हणून विचारलं. तिलेक घ्या म्हणाला.

त्याची निवड झाली नाही. त्याने घरी कारण सांगितलं तेव्हा, सख्ख्या भावाला खड्ड्यात घालतोस, म्हणून आईने आकांत मांडला. साग्यन कुरणातून खाली आला, पण त्याच्याकडे न बघताच मेंढरांकडे परत गेला.

तिलेक गोठ्यामागे लाकडं फोडत होता, तिथे बुरुल आली. "खरंच सांगितलंत?"

"हो."

ती ओंडक्यावर बसली.  हे कुणी सरकारी खोलीत मोठ्याने बोलेल, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. 

"माझं नाव सांगितलंत?"

"नाही. तुम्हाला त्रास नको म्हणून."

"सांगायचं होतं," ती म्हणाली. "बुरुल म्हणून सांगायचं होतं."

मग ती उठली, फोडलेली लाकडं कवेत घेतली आणि घरात गेली.