वर गेलेला हात

बसा साहेब, चपला ऱ्हाऊ द्या पायात. सी विंगला नवीन आलात ना, चारशे दोन इकत घेऊन? भामा चहा ठेवतेय. तवर एक गोष्ट सांगतो. गोड नाय. माझ्याच थोबाडीत मारनारी हाय, पन ती ऐकल्याबिगर मी तुमाला उठू देनार नाय.

तुमी जिथं गाडी लावता ना, तिथं माझ्या बापाचं भाताचं शेत होतं. बिल्डरनं जमीन घेतली, बदल्यात आमच्या गावच्या बारा घरांना फ्लॅट दिले. मला दोन आले. एकात मी आन् भामा. दुसऱ्यात भाड्यानं वांजिरू. केनियाची पोरगी, पनवेलला औषधांचं कॉलेज करते, शेवटचं वरीस हाय. मला मामा बोलते. भामाकडून सुकट करायला शिकली, आता भामापेक्षा तिखट करते.

गेल्या महिन्यात तिचा करार नवा करायचा होता. सोसायटी बोलली, ना-हरकत देनार नाय. ना-हरकत नाय तर करार नाय, करार नाय तर पत्ता नाय, पत्ता नाय तर तिचा व्हिसा वाढत नाय. शेवटचं वरीस, आन् पोरगी इमानात बसून परत!

माझं डोकं फिरलं. रविवारी सकाळी खाली क्लबहाउसात मिटिंग होती, पोरीला घेऊन तडक गेलो. तिला दाराजवळ खुर्ची दिली आन् बोललो, "हिचा रंग काळा म्हनून कागद अडवता काय?"

तिकडं अरुंधतीबाई, बँकेत मोठ्या हुद्द्यावर हायत, त्या बोलल्या, "तुळशीरामभाऊ, प्लीज. रेसिझम वगैरे अमेरिकेत. आपण सगळेच सावळे, आपल्याला तो शब्द कसा लागू होईल? इथे प्रश्न सिक्युरिटीचा आहे."

"मंग बी विंगला तो कोरियन साहेब ऱ्हातो, त्याची सिक्युरिटी कुनी तपासली?"

"ते वेगळं. ते कंपनी लीजवर आहेत."

"आन् रोज लिफ्टमधी त्याला हसून गुड मॉर्निंग करता. ही लिफ्टमधी शिरली की तुमी जिन्यानं जाता. गुडघे दुखतात ना तुमचे?"

मागं कुनीतरी फिसकन हसलं. तवा सेक्रेटरी अविनाश सर उठले. कॉलेजात हा भेदभावाचाच विषय शिकवतात. आवाज असा, जनू कुनाला झोपवायचंय. "भाऊ, तुम्ही माणसांवर चिडताय. जुना समज होता की वंशभेद म्हणजे एखाद्याच्या मनातला द्वेष. आता अभ्यासक सांगतात की तो व्यवस्थेत असतो. नियमांत, फॉर्मांत, सवयींत. इथे बसलेल्या कुणाच्याही मनात काही नसेल, तरी परिणाम तोच होतो. म्हणून कुणा एकाला दोष देऊन उपयोग नाही."

मी बोललो, "सर, ही व्यवस्था कुठल्या विंगला ऱ्हाते? तिचा फ्लॅट नंबर द्या, मी जाऊन भेटतो तिला."

सर चिडले नायत. कपाटातून मिनिटबुक काढलं आन् वाचलं. "ठराव क्रमांक नऊ. आफ्रिकी देशांतील भाडेकरूंना ना-हरकत देऊ नये. बहुमताने मंजूर. बाजूने एकतीस हात." मंग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "त्यात तुमचं नाव आहे, भाऊ. बाराव्या नंबरवर."

खरं होतं, साहेब.

कसं झालं सांगतो. चाळीस वर्सांमागं सरकार गावच्या जमिनी घ्यायला आलं, तवाच्या लढ्यापासूनची आमच्या गावात रीत हाय. तवा पोलीस दंडुके घेऊन उभे असायचे, आन् देवळाफुडं गाव बसलेलं. म्होरक्याचा हात वर गेला की सगळ्यांचे हात वर. कशाला, ते कुनी इचारायचं नाय. जो इचारील तो फुटला. त्या रीतीनंच आमी जगलो. हा ठराव झाला त्या दिवशी मिटिंगला कमलाकरनं हात वर केला. माझा चुलतभाव, आमच्या बारा घरांचा म्होरक्या. आमी अकरा जनांनी मागनं केला. मी तर वडापाव खात होतो. डावा हात वर केला, कारन उजव्याला चटनी लागलेली.

"लिवलं कुनी हे?" मी इचारलं.

सर बोलले, "ड्राफ्टिंग माझं. सेक्रेटरी म्हणून. व्यक्तिशः माझा विरोध होता."

"मंग इरोधात हात का नाय वर केला?"

"सेक्रेटरीने तटस्थ राहायचं असतं."

असा संताप आला! मानूस रोग वळखतो, पोरांना फळ्यावर काढून दाखवतो, आन् घरी येऊन सोताच्या हातानं सुई टोचतो. पन वरडू कुनावर? माझाच हात बाराव्या नंबरवर.

दाराजवळनं वांजिरू बोलली, "मामा, आपने पढा था क्या?"

"नाय, पोरी."

तिनं पिशवी उचलली आन् गेली. त्या दिवसापास्नं मला मामा बोलत नाय. तुळशीरामजी बोलते. ह्यापरीस शिवी परवडली, साहेब.

ठराव मोडायचा तर खास सभा लागते, आन् ती बोलवायला तीस सह्या. मी घराघरात गेलो. कमलाकर दारातच बोलला, "तुळशा, परक्या पोरीसाठी फुटलास?" बोललो, "हो, फुटलो. चाळीस वर्सांनी फुटलो. आपली जमीन घेतली तवा पन वर बसलेले हेच बोलत होते, आमच्या मनात काय नाय, नियम हाय." त्यानं दार लावलं. पन मागनं त्याच्या सुनेनं, अंकितानं, जिन्यात गाठून सही केली. फ्लॅट तिच्या नावावर हाय ना!

अरुंधतीबाईंनी नाय केली. अविनाश सरांनी केली.

एकोनतीस झाल्या. सोमवारी अर्ज द्यायचा, तर पोरीच्या व्हिसाच्या तारखेच्या आत सभा होईल. नाय तर नाय.

हा घ्या कागद. हा पेन. पन माझ्या तोंडाकडं बघून सही करू नका. मी सांगतो म्हनून तर मुळीच नको. आधी वाचा, साहेब. पयल्या ओळीपास्नं, मोठ्यानं वाचा. दार उघडं ठेवतो, बाजूच्या घरात ती अभ्यास करतेय.