गेल्या सालचं जॅकेट

घरातली, गाडीतली, फ्रीजच्या दारातली, सॉनाच्या बाकाखालची, स्नूसची एकूण एक डबी मी जुलैत चुलीत घातली. विसरलो ते शिकारीचं जॅकेट. ते वर्षातून एकदाच, सप्टेंबरात एल्कच्या शिकारीला, खुंटीवरून उतरतं. पहिल्याच सकाळी जंगलात माझ्या जागेवर बसलो, आतल्या खिशात हात घातला आणि गोल डबी हाताला लागली.

तीस वर्षं मी ही ओली तंबाखू वरच्या ओठाखाली दाबली. आता एक्केचाळीस दिवस जीभ नुसती हिरडी चाचपते. झोप नाही, जेवणाला चव नाही, चमचा पडला तरी मी भांडायला उठतो.

सोडली ती तूवासाठी. माझी मुलगी, एकोणीस वर्षांची. मी तिच्या स्नूसवर बोललो तेव्हा म्हणाली, "आधी तू सोड, बाबा. मग मीही सोडते. पण तू परत लावलीस, की मी मोकळी." हातावर हात मारला. तिचा राग आला होता, स्वतःचा त्याहून जास्त. पहिली डबी तिने माझ्याच फ्रीजमधून उचलली होती.

डबी परत खिशात ठेवली. काढली. ठेवली. बंदूक या मांडीवरून त्या मांडीवर केली. पुन्हा काढली. नुसतं बघू, म्हणून झाकण उघडलं. सुकलेली होती, पण वास तोच. थुंकी लावून चिमूट मळली, गोळी वळली, ओठ वर केला.

तेवढ्यात समोर एल्क उभा. तीस पावलांवर, भलामोठा नर. माझ्या एका हातात डबी, दुसऱ्यात गोळी, आणि बंदूक मांडीवर. त्याने माझ्याकडे निवांत पाहिलं आणि निघून गेला. त्याच्या मागून आमचा शिकारी कुत्रा भुंकत गेला.

कानात रेडिओ खरखरला. आमची म्होरकी गुनवोर. "सिक्स्टन, तुझ्या नाकासमोरून गेला ना? झोपलास काय?"

होय, झोपलो, म्हणायचं होतं. पण रेडिओवर सगळे होते, पुढच्या जागेवरची तूवाही.

"स्नूस मळत होतो," मी म्हणालो.

कुणीतरी फिसकन हसलं. मग तूवाचा आवाज आला. "ओठात गेली?"

"नाही."

कॉफीच्या वेळी ती चालत आली. मी डबी तिच्या हातात दिली.

"माझ्या जॅकेटातही निघाली," ती म्हणाली. "परवाच जाळली."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं, तर तू त्याच क्षणी खिसे धुंडाळले असतेस."

खोटं नव्हतं. ती माझ्या समोर बसली. "बोटं दाखव. खरं सांगतोस का बघू."

ओठ सोडून बोटं कशाला, कळलं नाही, तरी मी हात पुढे केला. तिने बोटांचा वास घेतला. डोळे मिटले. परत घेतला, या वेळी लांबलचक, आणि तिची जीभ ओठाखाली फिरली, अगदी माझ्यासारखी.

मी हात ओढून घेतला, थर्मासमधली सगळी कॉफी बोटांवर ओतली आणि शेवाळाने कातडी लाल होईपर्यंत घासत बसलो.