सोमवारची सुई

करजगीचे हणमंतप्पा डॉक्टर वारले आणि त्यांच्या खुर्चीवर मुलगा पंचाक्षरी बसला. पहिल्याच सोमवारी शकुबाई पदर खोचून दारात हजर. शाळेत पोरांचा भात शिजवायचं त्यांचं काम. बारा वर्षं दर सोमवारी अप्पा बाटली तळहातात उबवत, म्हशीची चौकशी करत आणि त्यांना गुडघ्यासाठी सुई टोचत. पंचाक्षरीनं कपाटातली ती बाटली काढली. लेबल वाचलं, तर आत नुसतं पाणी!

त्याला बापाची लाज वाटली. शिकून आलेल्या माणसाला खरेपणाची भारी हौस असते, आणि तीही चारचौघांत. बाकावरच्या सगळ्यांदेखत तो म्हणाला, "अक्का, हे पाणी आहे. अप्पांनी तुम्हाला औषध कधी दिलंच नाही."

"मग मी चालायले ते कशानं?"

"मनानं."

"म्हंजे माझं दुखणं खोटं व्हतं?"

"दुखणं खरंच आहे. गोळ्या लिहून देतो."

गोळ्यांनी पोटात आग पडली आणि महिन्याभरात गुडघे धरले ते धरलेच. शाळेतलं काम दुसरीला मिळालं. वर गावभर झालं की शकुबाई बारा वर्षं सोंग करत होती. हे मात्र त्यांच्या फार जिव्हारी लागलं. त्यांनी दारात बसणंही सोडलं.

शेवटी एका सोमवारी पंचाक्षरी आपण होऊन त्यांच्या घरी गेला. बाटली तळहातात उबवली, म्हशीचं विचारलं.

"अक्का, सोलापूरहून नवीन सुई मागवलीय. भारी आहे."

शकुबाईंनी दंड पुढे केला. सुई टोचून होईपर्यंत त्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"पाणीच हाय न्हवं?"

"न्हाई, अक्का."

"तुझ्या अप्पाचं खोटं बारा वर्षं कळलं न्हाई मला. तुझं लगीच कळायलंय." त्यांनी पदरानं दंड पुसला. "खरं बोलून माझं पाय नेलास. आता कामून खोटं बोलायलास रे?"

पंचाक्षरीची मान खाली गेली. काहीतरी बोलायचं म्हणून तो पुटपुटला, "जरा उठून बघा."

पोराचं मन मोडू नये म्हणून शकुबाईंनी दाराची चौकट धरली. अर्ध्या उठल्या आणि परत खाली बसल्या.