अर्धी गोळी

मलाईने तिसऱ्यांदा इस्त्रीच्या कपड्यांवर मुतलं आणि विश्रांतवाडीच्या त्या दोन खोल्यांत आठवडाभर धुमसणारं भांडण पेटलं.

"अम्मी, तुमच्या मांजरीला म्हणावं, वैर असेल तर तोंडावर सांग," अफशीन कडाडली.

"तिला माणसं ओळखता येतात," जरीना म्हणाली.

सून घरात येऊन चार वर्षं झाली होती, मलाई येऊन पंधरा. कुणाचा मान आधी, हे जरीनाने तेवढ्यावरच ठरवलं होतं. तिच्या मुलाने, कामरानने, हेल्मेट उचललं आणि नेहमीसारखा काढता पाय घेतला.

मलाईला काहीतरी होतंय, हे जरीनाला दिसत होतं. ती खिडकीत उडी मारेना, पाठीवरच्या केसांच्या गाठी झालेल्या, कमरेला हात लागला की फिस्कारायची. जरीनाचेही गुडघे धरलेलेच. म्हातारपण, दुसरं काय! दोन दिवसांनी तिने आपल्या दुखण्याची गोळी अर्धी केली, चुरडली आणि मलाईच्या दुधात कालवली.

"काय घातलंत त्यात?" अफशीन दारातच उभी होती.

"माझीच गोळी. अर्धीच."

अफशीनने वाटी हिसकावून मोरीत ओतली. "मारायचंय का तिला? ही गोळी मांजराला विष असते!"

"तुला बरं ठाऊक!"

"काल जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. हिला घराबाहेर कसं काढायचं, ते विचारायला. त्यांनी मलाच झापलं. म्हणाल्या, ही खोडी नव्हे, सांधे दुखत असणार. शी-शूच्या वाळूच्या टबची कड ओलांडवत नाही म्हणून मऊ कपडे शोधते. माणसांचं औषध देऊ नका, विष ठरतं, तिलाच घेऊन या."

जरीनाचं तोंड कडू झालं. पंधरा वर्षं मांडीवर वाढवलेल्या जिवाचं दुखणं हिला कळावं, तेही तक्रार करायला जाऊन!

दोघी रिक्षाने गेल्या. मधे मलाईची टोपली. डॉक्टर उत्कर्षांनी कंबर दाबताच मलाईने जरीनाचाच हात ओरबाडला. रक्त तपासून त्यांनी मोजून द्यायचं पातळ औषध दिलं, ऊबदार अंथरूण सांगितलं. "दुखणं पुरतं जाणार नाही," त्या म्हणाल्या, "पण सुसह्य होईल. मांजर विव्हळत नाही, आजी. गप्प बसतं."

घरी आल्यावर अफशीनने सुरी तापवून टबची एक बाजू खाली कापली.

"वाकडं कापलंस," जरीना म्हणाली.

"मग तुम्ही कापा."

जरीनाचे हात थरथरत, म्हणून औषधाची पिचकारीही अफशीनच मलाईच्या तोंडात सोडू लागली. दहा-बारा दिवसांनी मलाई स्टुलावर चढली, तिथून खिडकीत गेली आणि कित्येक दिवसांनी स्वतःची पाठ चाटू लागली. जरीना बघत राहिली. डोळे भरून आले तसा तिने पदर ओढला, सुनेला दिसू नये म्हणून.

"मी काही तुझे उपकार मानणार नाही," ती म्हणाली.

"मागितलेत कुणी?" अफशीन म्हणाली. "पाय उचला, झाडायचंय."