तोंडात टाचण्या

नवा कॅमेरा आला की त्याचा पहिला फोटो माझा, हा आमच्या घरचा नियम. मी शिवणकाम करते. माझं मशीन खिडकीशी आहे आणि तिथला उजेड दिवसभर सारखा असतो, म्हणून, असं हे सांगतात. खरं कारण वेगळं आहे. शिवताना माझ्या तोंडात टाचण्या असतात, त्यामुळे नवा कॅमेरा बघून जे बोलायचं असतं ते मला बोलता येत नाही. इतकी वर्षं या माणसानं ती वेळ बरोबर साधली.

पहिला होता डबा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ओळखीच्या स्टुडिओवाल्यानं तो टाकायला काढला होता, यांनी उचलून आणला. यांची नकाशे काढायची नोकरी, हात एकदम स्थिर, पण डब्यापुढे त्याचं काही चाललं नाही. फोटोत मी कुठली आणि मशीन कुठलं हे कळत नव्हतं. मग भात्याचा आला. त्याच्या भात्याला बारीक भोक होतं. मी अस्तराचा काळा तुकडा चिकटवून ते बुजवलं आणि तिथेच फसले. या हौसेत मीही सामील आहे असं यांनी धरून टाकलं.

त्यानंतरचा वरून बघायचा, दोन भिंगांचा. त्यात डावं-उजवं उलटं दिसायचं. हे मला डावीकडे सरक म्हणायचे, मी सरकले की फोटोतून बाहेर. मग चूक कोणाची, तर माझी. त्या काळात फोटो धुवायला बाथरूम यांच्या ताब्यात असायची. लाल दिवा, औषधाच्या थाळ्या, आतून कडी. लेकीला शाळेत उशीर व्हायचा आणि ती बाईंना सांगायची, बाबा बाथरूममध्ये आईला धुताहेत.

मोठा, जड, भिंगं बदलायचा कॅमेरा सगळ्यांत जास्त टिकला. त्यामागून डिजिटल आला. रोल होता तेव्हा निदान रोल संपल्यावर थांबायचे, आता तोही धरबंध राहिला नाही. मी किती चिडले ते त्या सगळ्या पहिल्या फोटोंत आहे.

गेल्या वर्षी यांच्या डोळ्यांना त्रास सुरू झाला. डॉक्टरांकडे एकटेच गेले आणि थोडं धूसर दिसतं, वयानुसार व्हायचंच, असं येऊन सांगितलं. पुढे ताकास तूर लागू दिली नाही. मग एकेक कॅमेरा वाटायला लागले. जड होता तो पुतण्याला, दोन भिंगांचा स्टुडिओवाल्याच्या मुलाला. कपाट रिकामं झालं. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. आणि त्याच सुमारास हे माझ्याकडे बघेनासे झाले. मी समोर बसून बोलायचे आणि हे उत्तर द्यायचे कपाटाला. जेवताना माझ्या कानाकडे बघायचे. मी विचारलं, तर काही नाही म्हणाले. इतक्या वर्षांनी माणसाला आपला कंटाळा आला, असंच मी समजले. फार लागलं ते मला.

अशात परवा खोकं आलं. आत नवा कॅमेरा. तळपायाची आग मस्तकात गेली, पण तोंडात टाचण्या. यांनी खटका दाबला, तेव्हा मी टाचण्या काढल्या आणि सगळं बोलले. डोळ्यांची ही तऱ्हा, गावभर कॅमेरे वाटून झाले, आणि आता हा कशाला? फोटोच हवा तर लेकीनं दिलेला मोबाईल आहे की. त्याचं बटण बोटाला कळत नाही, एवढंच म्हणाले आणि कॅमेरा वायरनं टीव्हीला जोडला.

टीव्हीवर मी आले, फक्त चेहरा, केवढा तरी. हे त्याच्यासमोर उभे राहिले नाहीत. अगदी जवळ जाऊन शेजारच्या कपाटाकडे तोंड केलं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायला लागले.

“जिथे बघतो नेमका तिथेच डाग येतो,” हे म्हणाले. “तुझे कान दिसतात, खांदे दिसतात, तोंड दिसत नाही. कडेनं दिसतं, पण एवढं मोठं लागतं.”

“डॉक्टरांनी हे तेव्हाच सांगितलं होतं?”

“हो.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तू रडली असतीस. आणि मला ते दिसलं नसतं.”

मी रडलेच. यांना ते आवाजावरून कळलं असणार. टीव्हीवरच्या माझ्या कपाळाला बोट लावून बघत होते.

“ही आठी कधीची?”

“डबा आणलात तेव्हापासूनची.”

“त्या फोटोत तर नव्हती.”

“त्या फोटोत काहीच नव्हतं.”

हे हसले. आणखी एक काढतो म्हणाले, या वेळी टाचण्या नकोत. मी टाचण्या डबीत ठेवल्या, डोळे पुसले आणि मशीनशी बसले. यांनी चाचपत खटक्यावर बोट ठेवलं आणि मान कपाटाकडे वळवली.

“हलू नकोस,” कपाटाला म्हणाले.

मी हलले नाही.