तिसऱ्या पावसाआधीचे रकाने

ओमुलुंगा गावात एरास्तुस शिलुंबूला दोन गोष्टींसाठी मान होता. एक, त्याचं अक्षर. दोन, त्याला खोडरबर कधी लागला नव्हता. शाळेतली शिपाईगिरी संपली तेव्हा राजधानीतल्या वन्यजीव कार्यालयानं त्याला वही, वजनकाटा आणि मोजपट्टी दिली आणि गावाबाहेरच्या ओशानात, म्हणजे पसरट उथळ तळ्यात, निघणाऱ्या एफुमांची नोंद ठेवायला सांगितलं. एफुमा म्हणजे ताटलीएवढा बेडूक. वर्षाचे नऊ-दहा महिने स्वतःला जमिनीत गाडून घेतो आणि पावसात वर येतो. शिलुंबूनं नऊ वर्षं नोंदी ठेवल्या. किती निघाले, नर की मादी, लांबी, वजन, कानाच्या पडद्यावर पांढरा ठिपका आहे की नाही. ठिपका असला तर धाकटी जात, नसला तर थोरली. दर पावसाला एक ओळ.

आज तो अंगणात चष्मा शोधत होता. चष्मा त्याच्याच खिशात होता आणि ते त्याला ठाऊक होतं.

मरुलाच्या झाडाखाली कार्यालयातली ताइमी एकान्द्यो कागद मांडीवर घेऊन बसली होती. एरवी ती फेब्रुवारीत यायची, वही न्यायची. यंदा नोव्हेंबरातच आली होती.

"ताते, वहीतलं खरं आहे, एवढी एक सही तर करायचीय," ती म्हणाली. "ठेकेदाराला रस्त्याच्या कामाला ओशानाचं पाणी हवंय. पावसाळाभर उपसणार होता. मी तुमची वही पुढं केली. पहिल्या पावसाला शून्य, दुसऱ्याला शून्य, नऊच्या नऊ वर्षं! म्हटलं, एफुमा वर येतात तिसऱ्या पावसानंतर. पहिल्या दोन पावसांचं काय ते उपसा आणि चालते व्हा. तुमच्यामुळं वाचले हो बेडूक."

शिलुंबूनं मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

भानगड अशी होती. तिसरा पाऊस पडल्याशिवाय ओमुलुंगात कोणी एफुमाला हात लावत नाही. आधी खाल्ला तर लघवी अडते, माणूस आठवडाभर लोळतो. त्याआधी कोणी विचारलं, एफुमा आहेत का, तर गाव सांगतं, नाहीत. ते मागे ओशानात बैलासारखे हंबरत असले तरी नाहीत. शिलुंबूनंही तेच लिहिलं. कुणी सांगायला लावलं नव्हतं की कुणी विचारलं नव्हतं. गेल्या आठवड्यात काठावर पंप येऊन उभा राहिला, तेव्हा त्याला स्वतःची अठरा शून्यं एकदम दिसली. पाणी उपसलं की पहिल्या पावसातली सगळी अंडी चिखलात वाळणार. आणि खरं सांगावं, तर नऊ वर्षांची वही खोटी, त्या वहीवर उभा असलेला या पोरीचा अहवाल खोटा.

"ओंताकू घ्या अजून," तो आंबवलेल्या पेयाचं मडकं पुढं सरकवत म्हणाला.

"तिसरा प्याला आहे, ताते."

"जावई चष्मा शोधतोय का उद्याचा दिवस?" बिया फोडत बसलेली त्याची सासू, जिला सारं गाव कुकू लाह्या म्हणतं, तिनं विचारलं. "खिशात बघ रे. खिसा नाही सापडला तर मला सांग."

शिलुंबूनं चष्मा काढला, पेन घेतलं. तेवढ्यात यंदाच्या पहिल्या पावसानं त्याला सोडवलं, असं त्याला वाटलं. टपोरे थेंब पडायला लागले आणि तिघं झोपडीत पळाली. पण सुटका कसली! दार एकच, दारात पाऊस, आत ताइमी, कागद आणि पेन. दोन तास तो गुडघे पोटाशी घेऊन बसला. कुकू लाह्या त्याच्याकडं बघत बिया फोडत राहिली.

पाऊस थांबला. मग ओशानाकडून आवाज आला. जाड, लांब, मडक्यात तोंड घालून हंबरल्यासारखा. पाठोपाठ दुसरा. मग मोजता येईनात.

ताइमी उठली. "हे काय?"

शिलुंबूनं पेन खाली ठेवलं.

"धाकट्या जातीचे असतील ना?" तिनं घाईनं विचारलं. "अहवालात फक्त थोरल्यांचं लिहिलंय. धाकटे असतील तर काही बिघडत नाही. ताते, धाकटेच ना?"

नुसती मान हलवायची होती. तिला आवाजातला फरक कळत नव्हता. तिनं कागदावरचेच एफुमा पाहिले होते. शिलुंबूला आवाज कळत होता. धाकटा भुंकतो. हा भुंकत नव्हता.

"चला," तो म्हणाला.

काठावर, पंपाच्या पाइपाला टेकून, एक नर पाण्यात बसला होता. हिरवागार, पिवळ्या गळ्याचा, बसल्या जागी मालक. शिलुंबूनं बाही सारली.

"शिलुंबू!" मागून कुकू लाह्या ओरडली. "दोन पाऊस बाकी आहेत! हात लावलास तर माझ्या भांड्यात बोट घालायचं नाहीस!"

त्यानं दोन्ही हातांनी बेडूक उचलला. बेडकानं लगेच त्याच्या अंगठा तोंडात धरला आणि सोडेना. तसाच लोंबत्या बेडकानिशी तो ताइमीसमोर गेला. मागचा पाय उलटा केला, टाचेशी माती खणायचं कडक फावडं दाखवलं. मग कानाचा पडदा.

"ठिपका नाही," तो म्हणाला. "थोरला. दरवर्षी पहिल्याच पावसाला येतो. मी बघायला येत नव्हतो, बाई. आम्ही कोणीच येत नाही."

ताइमीनं पंपाकडं पाहिलं. "नऊ वर्षं, ताते," ती म्हणाली. "त्या अहवालावर माझंही नाव आहे."

"आहे."

"मला हेच वरती सांगावं लागणार."

"लागणार."

तिनं कागद सहीविना पिशवीत कोंबला आणि ठेकेदाराच्या माणसाला शोधायला चिखलातून निघाली. चपला हातात घ्यायचंही तिला सुचलं नाही.

संध्याकाळी कुकू लाह्यानं ओशिफिमा, म्हणजे बाजरीची घट्ट उकड, वाढला. सगळ्यांचा एका भांड्यात, शिलुंबूचा वेगळ्या वाडग्यात, गोठ्याच्या कुंपणापाशी. वाडगा ठेवून ती दोन पावलं मागं सरली.

"अंगठा कसाय?"

"ठणकतोय."

"ठणकू दे. शहाणा आहे तो बेडूक," ती म्हणाली आणि गेली.

तो एकटाच जेवला. मग डाव्या हातानं वही उघडली, कारण उजवा बांधलेला होता. आजच्या ओळीत लिहिलं: पहिला पाऊस, एक मोजला, बाकीचे ऐकले. मग पहिल्या वर्षाच्या पानावर गेला. शून्य तिथं होतं, गोल, नेटकं. त्यानं ते खोडलं नाही. शेजारी लिहिलं: पाहिलं नाही.

डाव्या हाताचं अक्षर फार वाईट आलं. अजून सतरा शून्यं होती.