पहिल्या महिन्याचा स्तंभ

ऋतुजाने स्तंभांची रुंदी निम्मी केली आणि कोड पुन्हा चालवला. पडद्यावर दक्षिण आशियाचा नकाशा उमटला आणि प्रत्येक देशाच्या मधोमध दोन-दोन स्तंभ उभे राहिले. लाल स्तंभ जन्मल्यावर पहिल्याच महिन्यात गेलेल्या बाळांचा, पिवळा त्यानंतर वर्षाच्या आत गेलेल्यांचा. भारतात घुसणारे नेपाळचे स्तंभ आता आपल्या जागी आले होते. श्रीलंकेचे मात्र अजून निम्मे समुद्रातच. प्रोग्रॅम देशाचा मध्य बिनचूक शोधतो, पण तिथं उभं राहायला जागा आहे का, हे बघायची त्याला गरज वाटत नाही.

"ही फाइल तू कशाला उघडलीस?"

प्रभुलिंग सर मागे येऊन उभे होते. सात रस्त्याजवळच्या या तीन खोल्यांच्या ऑफिसात मालक तेच आणि खाली जाऊन चहा सांगणारेही तेच.

"मी ती मुद्दाम दुसऱ्याला दिली होती. अगं, तुझी रजा आहे. घरी थांब की."

"घरी थांबवत नाही, सर."

तिची मुलगी अकरा दिवसांची होऊन गेली. दुपारी दूध पिऊन झोपली ती उठलीच नाही. दुसऱ्या दिवशी बारसं होतं. भाड्याने आणलेला पाळणा फुलं न लावताच परत गेला. त्याला आज एकोणीस दिवस झाले होते.

ऋतुजाने पडद्यावरच्या भारताच्या लाल स्तंभावर बोट ठेवलं.

"आपला हा आकडा कुठून येतो?"

"काही गावं, काही वस्त्या निवडतात. तिथली घरं मोजतात आणि त्यावरून देशाचा अंदाज काढतात." सर अडखळले. "हे आकडे दोन वर्षांमागचे आहेत, ऋतुजा."

"म्हणजे ती यात नाही. दोन वर्षांनी येईल?"

सर खोटं बोलू शकले असते. पण आयुष्यभर आकड्यांत राहिलेल्या माणसाला ते जमेना.

"तुमचं कुंभारी गाव निवडीत नसेल तर नाही येणार. आणि आली तरी हा बार केसाएवढाही हलत नाही." मग त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. "पण ग्रामपंचायतीत नोंद असेल ना तिची? मृत्यूची?"

ऋतुजाला ते ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी ती कुंभारीला पोचली तेव्हा सासू केराबाई ओसरीवर ज्वारी निवडत होती. नवरा सिद्धनाथ अजून कामावरून यायचा होता.

"आत्या, बाळाची नोंद केली का कुणी?"

"कसली?"

"गेल्याची."

"आकरा दिसाचं लेकरू. बारसं न्हाय, नाव न्हाय. त्याचा कुटं कागद करत्यात व्हय?" केराबाईने सुपातून एक खडा उचलून अंगणात टाकला. "दुसरं हुईल की. रडून डोळं घालवू नगंस."

त्या घटकेला ऋतुजाला तिचा राग आला, अगदी तळपायाची आग मस्तकात जावी तसा. बाळाला मातीत ठेवून आले त्या दिवशीही या बाईच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. उलट त्याच संध्याकाळी तिने झबली, दुपटी गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकली होती.

"एकवीस दिवसांच्या आत करावी लागते," ऋतुजा म्हणाली. "उद्या मी जाणार आहे."

केराबाई पुन्हा ज्वारी निवडू लागली. सकाळी मात्र ती चपला घालून दारात उभी होती.

"एकटी नगं जाऊस. बाळतीण हाईस."

ग्रामपंचायतीत सिद्रामप्पा नावाचे कारकून होते. त्यांनी अर्ज पुढे ओढला. जन्माची तारीख, गेल्याची तारीख, आईबापांची नावं, सगळं हळू आवाजात विचारून लिहीत गेले.

"मयताचं नाव?"

"बारसं झालं नव्हतं," ऋतुजा म्हणाली.

"मग नुसतं 'बाळ' लिहितो. चालतं तसं."

"नको." तिने टेबलाची कड धरली. "मैथिली लिहा."

नऊ महिने पोटाशी जपलेलं नाव. बारशाला नणंदेने बाळाच्या कानात सांगायचं ते, एका अनोळखी कारकुनाला सांगावं लागलं. सिद्रामप्पांनी ते सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं. अर्जावर शिक्का बसला. ऋतुजाने पोच घडी करून पर्समध्ये ठेवली आणि ती उठली.

केराबाई उठली नाही.

"जुनं लिवत्यात का वो?" तिने विचारलं.

"किती जुनं, आजी?"

"सिद्धनाथच्या आदीचं. पयली हुती माझी. नऊ दिसांची."

सिद्रामप्पांनी एकदा ऋतुजाकडे पाहिलं. सिद्धनाथ चौतीस वर्षांचा होता. लग्न होऊन आल्यापासून या घरात कुणाच्या तोंडून त्या मुलीचा उल्लेख ऋतुजाने ऐकला नव्हता.

"एवढं जुनं आता अवघड आहे, आजी. तारीख लागते, पुरावा लागतो."

"व्हय." केराबाईने मान डोलावली. हात मात्र तिने टेबलावरून काढला नाही. "न्हाय लिवलं तरी चालंल. नाव तेवढं ऐकून घ्या."

सिद्रामप्पांनी पेन खाली ठेवलं. ऋतुजा परत शेजारच्या खुर्चीत बसली.

केराबाईने डोक्यावरचा पदर नीट केला.

"गोदा," ती म्हणाली. "आजपतोर कुनालाच सांगितलं न्हाय."